सूर्य केवढा, तारा केवढा?

हल्लीं संगणकाच्या पडद्यावर खगोलांच्या आकारांची तुलना दाखविणारें एक चित्र पुष्कळांच्या पाहण्यांत आलें असेल. प्रथम चंद्र दिसतो. बोटानें चित्र जरा सरकविलें कीं शेजारीं पृथ्वी येते. मग गुरु येतो आणि पृथ्वी वाटाण्याएवढी होते. पुढें सूर्य येतो आणि गुरूचाच वाटाणा होतो. शेवटीं मृगाच्या चौकोनांतील तो तांबूस तारा, ज्यास युरोपीय लोक बीटलज्यूस म्हणतात व आपल्याकडे बहुधा आर्द्रेचा योगतारा समजतात, तो पडद्यावर येतो आणि सूर्याचा ठिपकाही शोधून काढावा लागतो. मुलांस हें चित्र फार आवडतें, व मोठ्यांसही आवडावें असेंच तें आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें पाहणाऱ्यास त्यांत एक गोष्ट खटकते. तीं सर्व वर्तुळें सारख्याच ठळक रेषेनें काढलेलीं असतात. वस्तुतः चंद्राच्या वर्तुळामागें बावीसशें वर्षांचा पुरावा आहे. सूर्याचें वर्तुळ बऱ्यापैकीं खरें काढतां येऊं लागल्यास जेमतेम साडेतीनशें वर्षें झालीं. आणि त्या तांबड्या ताऱ्याचें वर्तुळ प्रथम काढलें गेलें तें १९२० सालीं, व तें अद्यापि स्थिर झालेलें नाहीं. ही तुलना मनुष्यास कशी करतां आली, आणि ती करतांना तो कोठें कोठें फसला, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

डोळ्यांस आकार दिसत नाहीं, केवळ कोन दिसतो, ही सर्व अडचणींची मूळ अडचण होय. सूर्य आणि चंद्र हे दोघेही आपणांस सुमारें अर्ध्या अंशाचे दिसतात. हात लांब करून धरला तर करंगळीच्या नखाआड पौर्णिमेचा चंद्र सहज लपतो. म्हणून चंद्र नखाएवढा ठरत नाहीं. आणि दोन्ही बिंबें सारखीं दिसतात म्हणून दोघेही सारखेच मोठे असेंही होत नाहीं. कोनावरून आकार काढावयाचा तर अंतर ठाऊक पाहिजे, आणि आकाशांत दोरी लावून मोजण्याची सोय नाहीं.

चंद्राच्या बाबतींत निसर्गानेंच एक सोय करून ठेवली आहे. चंद्रग्रहणाच्या वेळीं पृथ्वीची छाया चंद्रावर पडते. त्या छायेच्या कडेचा बांक पाहून, व चंद्रास ती ओलांडण्यास किती वेळ लागतो हें मोजून, छायेचा व्यास चंद्राच्या व्यासाच्या किती पट आहे हें काढतां येतें. तो सुमारें अडीच पटींहून थोडा अधिक भरतो. आतां छाया ही सोंगटीसारखी निमुळती होत जाते. आणि सूर्य व चंद्र सारख्याच कोनाचे दिसत असल्यामुळें चंद्रापर्यंत पोंचेपावेतों ती बरोबर एका चंद्रव्यासाएवढी कमी होते. तेव्हां पृथ्वीचा व्यास म्हणजे छायेचा व्यास अधिक एक चंद्र, म्हणजे सुमारें साडेतीन चंद्र. आजचा आकडा ३·६७ असा आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत सामोस येथील अरिस्टार्कस यानें हीच युक्ति लढविली. त्यानें छाया दोनच चंद्रांएवढी धरली, म्हणून त्याचा चंद्र किंचित् मोठा आला. पण मार्ग बिनचूक होता.

सूर्यासाठींही त्यानें तितकीच सुंदर युक्ति काढली होती. चंद्र बरोबर अर्धा प्रकाशित दिसतो त्या क्षणीं चंद्राच्या ठिकाणीं काटकोन होतो. तेव्हां पृथ्वीवरून सूर्य व चंद्र यांमधील कोन मोजला कीं त्रिकोण सुटला. त्यानें हा कोन ८७ अंश धरला, आणि त्यावरून सूर्य चंद्राच्या १८ ते २० पट दूर, आणि म्हणून तितकाच पट मोठा, असें ठरविलें. खरा कोन ८९ अंश ५१ कला आहे, आणि खरें प्रमाण सुमारें ३९० पट आहे. चूक तीन अंशांहूनही कमी, आणि परिणाम वीसपट! भूमितीचा यांत कांहीं दोष नाहीं. चंद्र नेमका अर्धा केव्हां झाला हें डोळ्यांस ठरवितां येत नाहीं, आणि त्या अनिश्चित क्षणावर सर्व इमारत उभारली होती.

आपल्याकडील ज्योतिषांनीं हा प्रश्न निराळ्या वाटेनें सोडविला. आर्यभटानें (इ. स. ४९९) पृथ्वीचा व्यास १०५० योजनें, चंद्राचा ३१५ व सूर्याचा ४४१० दिला आहे. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणींत (इ. स. ११५०) हेच आकडे अनुक्रमें १५८१, ४८० व ६५२२ असे आहेत. दोघांच्या योजनांची लांबी एक नाहीं. पण प्रमाण घेतलें कीं ती अडचण जाते. चंद्र पृथ्वीच्या ०·३० पट. हा आकडा आजच्या ०·२७ शीं ताडून पाहावा. भास्कराचार्यांनीं चंद्राचें अंतर ५१,५६६ योजनें म्हटलें आहे, म्हणजे पृथ्वीच्या सुमारें ६५ त्रिज्या. खरें सरासरी अंतर ६० त्रिज्यांच्या किंचित् वर आहे. दुर्बिणीवांचून मिळविलेला हा आकडा कोणासही अभिमान वाटण्याजोगा आहे.

परंतु सूर्य? तो पृथ्वीच्या अवघा सव्वाचार पट. खरा सूर्य १०९ पट आहे. चंद्र इतका अचूक आणि सूर्य इतका चुकीचा, हें कसें? याचें उत्तर त्यांच्या एका गृहीतकांत आहे. सर्व ग्रह आपापल्या कक्षेंत रोज सारखींच योजनें चालतात, असें आपल्या सिद्धान्तकारांनीं मानलें होतें. ज्याचा फेरा तेरापट दीर्घ त्याची कक्षा तेरापट मोठी. चंद्राचा नाक्षत्र मास आणि सूर्याचें वर्ष यांचें प्रमाण १३·३७ आहे. भास्कराचार्यांचें सूर्याचें अंतर ६,८९,३७७ योजनें यास चंद्राच्या अंतरानें भागिलें तर नेमके हेच १३·३७ मिळतात. म्हणजे सूर्याचें अंतर आकाशांत मोजलेलें नसून पंचांगावरून काढलेलें आहे. चंद्राचें लंबन मोठें, सुमारें एक अंशाचें, म्हणून ग्रहणांच्या वेळीं तें डोळ्यांस जाणवतें व आकड्यास खऱ्याचा लगाम बसतो. सूर्याचें लंबन नऊ विकलांहूनही कमी. तें कोणाच्याही उघड्या डोळ्यांस पकडतां येणें शक्य नव्हतें, आणि म्हणून गृहीतक चुकलें तरी त्याची चूक दाखवावयास कोणी साक्षीदार उरला नाहीं.

हें स्पष्ट सांगण्यांत आपल्या पूर्वजांचा उपमर्द होतो असें कित्येकांस वाटतें. मला तसें वाटत नाहीं. जे गृहस्थ चंद्राचा आकडा मोठ्यानें वाचून दाखवितात आणि सूर्याचा आकडा गिळून टाकतात ते भास्कराचार्यांची थोरवी वाढवीत नाहींत. त्यांचा ग्रंथ त्यांनीं वाचलेला नाहीं एवढेंच सिद्ध करतात. आचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा शिलालेख खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. मठ अध्ययनासाठीं होता, ओंवाळण्यासाठीं नव्हे. ज्या भाषेंत शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं १८९६ सालीं भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला, त्या भाषेंत तरी दोन्ही आकडे शेजारीं शेजारीं ठेवण्याचा संकोच नसावा.

शिवाय या चुकींत आपण एकटे नव्हतों. टॉलेमीनें सूर्य पृथ्वीच्या साडेपांच पट ठरविला, आणि तो आकडा युरोपांत चौदाशें वर्षें टिकला. मौजेची गोष्ट ही कीं १५४३ सालीं कोपर्निकसनें सूर्यास मध्यभागीं बसविलें, पण त्याचा आकार जवळजवळ तोच ठेवला. सिंहासन बदललें, देह तेवढाच राहिला.

ग्रह आणि तारे यांच्या आकारांविषयीं तर उघड्या डोळ्यानें सर्वांसच सारखें फसविलें. तेजस्वी बिंदूभोंवतीं जो किरणांचा फुलोरा दिसतो तो डोळ्यांतला असतो. पण पाहणाऱ्यास तें बिंबच वाटतें. आर्यभटानें शुक्र चंद्राच्या एक पंचमांश, गुरु एक दशांश, बुध पंधरावा, शनि विसावा व मंगळ पंचविसावा भाग असें म्हटलें आहे. चंद्र सुमारें ३२ कलांचा, म्हणजे शुक्र सहा कलांहून अधिक. वास्तविक शुक्र कितीही जवळ आला तरी एका कलेच्या फारसा पलीकडे जात नाहीं. हजार वर्षांनंतर डेन्मार्कांत ट्यूको ब्राहे यानें शुक्र सुमारें सव्वातीन कलांचा धरला. तो त्या काळचा सर्वांत दक्ष निरीक्षक, पण त्याचाही डोळा मनुष्याचाच होता. आणि याच चुकीच्या जोरावर त्यानें कोपर्निकसावर एक आक्षेप घेतला, तो मोठा बिनतोड वाटला. पृथ्वी फिरत असूनही तारे जागचे हालत दिसत नाहींत, म्हणजे ते अतिशय दूर असले पाहिजेत. आणि इतक्या दूर असूनही ते एकेका कलेचे दिसतात, म्हणजे एकेक तारा पृथ्वीच्या सबंध कक्षेएवढा असला पाहिजे. हें हास्यास्पद आहे, तस्मात् पृथ्वी स्थिर! तर्क शुद्ध होता. ती कला मात्र खोटी होती.

१६१० च्या सुमारास गॅलिलिओनें पाहिलें कीं दुर्बिणींतून ग्रहांचीं बिंबें वाढतात, पण तारे तसे वाढत नाहींत, उलट त्यांचा फुलोरा झडून जातो. तरीही ग्रहांच्या खऱ्या लहानपणाची खात्री पटली ती त्यांस सूर्यबिंबावर काळ्या ठिपक्यांच्या रूपानें पाहिल्यावर. १६३१ च्या नोव्हेंबरांत, केप्लरनें मरणापूर्वीं वर्तविल्याप्रमाणें, पॅरिस येथें गासेंदी बुधाचें अधिक्रमण पाहावयास बसला. त्याची अपेक्षा मोठ्या काळ्या टिकलीची होती. दिसला तो एक क्षुद्र ठिपका. इतका लहान कीं प्रथम त्यानें तो सूर्यावरील डाग समजून सोडून दिला, आणि तो भराभर सरकूं लागला तेव्हांच त्यास ओळख पटली. त्यानें बुधाचा व्यास सुमारें वीस विकला मानला. ट्यूकोनें तो दोन कलांवर धरला होता. खरें पाहतां गासेंदीचा आकडाही दुपटीच्या घरांत अधिकच होता.

आठ वर्षांनीं इंग्लंडांतील मच हूल या खेड्यांत जेरेमाया हॉरॉक्स या विशींतील तरुणानें शुक्राचें अधिक्रमण कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून पाहिलें. पृथ्वीच्या पाठीवर तें पाहणारे त्या दिवशीं दोघेच होते, एक तो व दुसरा मँचेस्टरजवळचा त्याचा मित्र क्रॅबट्री. त्यास शुक्राचा व्यास ७६ विकला आढळला. त्यावरून त्यानें सूर्य पृथ्वीच्या निदान १५,००० त्रिज्या दूर असावा असें अनुमान केलें. टॉलेमीचा आकडा १२१० होता. हॉरॉक्स १६४१ च्या जानेवारींत वारला. त्याचें टिपण १६६२ पर्यंत छापलें गेलें नाहीं.

येथें एक चमत्कारिक पेंच लक्षांत घेण्याजोगा आहे. केप्लरच्या नियमांमुळें ग्रहांच्या अंतरांचीं परस्परप्रमाणें कळलीं होतीं, आणि दुर्बिणीमुळें त्यांचीं बिंबें मोजतां येत होतीं. तेव्हां शुक्र सूर्याच्या कितवा भाग, गुरु कितवा, शनि कितवा, हें सर्व सांगतां येत होतें. एकच ग्रह या यादींत बसत नव्हता, आणि तो म्हणजे आपली पृथ्वी. कारण आपल्या पायांखालच्या गोलाचें बिंब दुरून पाहण्याची सोय आपणांस नाहीं. सर्व गांवाचीं घरें मोजून झालीं, फक्त आपलें घर राहिलें, आणि वार तर आपल्या घराचाच! क्रिश्चियन हायगेन्स या डच पंडितानें १६५९ सालीं ही अडचण धिटाईनें दूर केली. त्याच्या मोजणीप्रमाणें मंगळ सूर्याच्या १६६ वा भाग व शुक्र ८४ वा भाग होता. पृथ्वी या दोहोंच्या मध्यें आहे, तर तिचा आकारही मध्यम असावा असें म्हणून त्यानें दोन्ही अपूर्णांकांची सरासरी काढली. उत्तर आलें १११ वा भाग. आजचा आकडा १०९! शुक्र व मंगळ दोन्ही त्यानें फार मोठे धरले होते. खरे अपूर्णांक अनुक्रमें ११५ व २०५ च्या आसपास आहेत. आणि पृथ्वी मध्यम असण्यास कांहींच कारण नाहीं. ती त्या दोघांहून मोठी आहे. तीन चुका एकमेकींस मारून खरा आकडा उभा राहिला. एखाद्या विद्यार्थ्यानें परीक्षेंत असें उत्तर काढलें तर मी त्यास गुण देणार नाहीं. पण अंतर्यामीं त्याचा हेवा वाटेल. भास्कराचार्यांच्या आणि हायगेन्सच्या गृहीतकांत जातीचा भेद नाहीं. एकाचें फसलें, दुसऱ्याचें फळलें.

खरी मोजणी १६७२ सालीं झाली. मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असतां कॅसिनी पॅरिसमध्यें व रिशे दक्षिण अमेरिकेंतील केयेन बेटावर बसून दोघांनीं त्याची जागा टिपली. त्यावरून सूर्याचें लंबन साडेनऊ विकला आलें, आणि सूर्य पृथ्वीच्या सुमारें शंभरपट व्यासाचा ठरला. एवढ्यानें समाधान न होऊन १७६१ व १७६९ च्या शुक्राच्या अधिक्रमणांसाठीं पृथ्वीच्या चारी टोकांस माणसें धांवलीं. त्यांतील ल जाँतील या फ्रेंच गृहस्थाची हकीकत आपल्याच किनाऱ्यावरची आहे. तो पाँडिचेरीस जावयास निघाला. मलबारच्या किनाऱ्याशीं येतो तों ती वसाहत इंग्रजांनीं घेतल्याचें कळलें, आणि १७६१ चें अधिक्रमण त्यास हेलकावणाऱ्या जहाजावरून पाहावें लागलें, जेथें त्याचा गणितास उपयोग नव्हता. पुढच्या अधिक्रमणासाठीं तो आठ वर्षें इकडेच राहिला. पाँडिचेरीस तमिळ ज्योतिषांकडून त्यांचें ग्रहणगणितही शिकला. १७६९ च्या जूनमध्यें त्या सकाळीं नेमके ढग आले. १७७१ सालीं तो स्वदेशीं पोंचला तेव्हां वारसांनीं त्यास मृत समजून वांटणीची तयारी चालविली होती. इतरांच्या निरीक्षणांवरून मात्र लंबन साडेआठ ते नऊ विकलांच्या मध्यें बांधलें गेलें. आजचा आकडा ८·७९ आहे.

माप मिळाल्यावर मग तें लोकांस दाखवावयाचें कसें, हा प्रश्न आला. अठराव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत ग्रहमालेचीं दांत्यांचीं यंत्रें निघालीं. अर्ल ऑफ ऑररी यासाठीं जॉन राउली यानें एक केलें, म्हणून त्यांस ऑररी म्हणूं लागले. मूठ फिरविली कीं ग्रह सूर्याभोंवतीं फिरावयाचे. आजच्या पडद्यावरील चित्राचें हें पितळी पूर्वरूपच म्हणावयाचें. पण यांत गति खरी, आकार व अंतरें दोन्ही खोटीं. जॉन हर्शल यास हीं यंत्रें पोरखेळ वाटत. त्यानें १८४९ सालच्या आपल्या ग्रंथांत निराळीच योजना सांगितली आहे. सपाट मैदानावर दोन फूट व्यासाचा गोल ठेवा, तो सूर्य. १६४ फूट व्यासाच्या वर्तुळावर एक मोहरी, तो बुध. ४३० फुटांच्या वर्तुळावर एक वाटाणा, ती पृथ्वी, शुक्रही वाटाणाच. मंगळ टाचणीचें मोठेंसें डोकें. अर्ध्या मैलाच्या वर्तुळावर मध्यम संत्रें, तो गुरु. त्यापलीकडे लहान संत्रें, तो शनि. आणि नेपच्यूनसाठीं अडीच मैल व्यासाचें वर्तुळ. ही योजना वाचली म्हणजे कळतें कीं आकार व अंतर दोन्ही खरीं दाखविणारें चित्र कोणत्याही कागदावर किंवा पडद्यावर मावणार नाहीं. चित्रकारास दोहोंपैकीं एकाविषयीं खोटें बोलावेंच लागतें, आणि बहुतेक चित्रकार तें न सांगतां बोलतात.

लहान गोलांची कथा अगदीं परवांपर्यंत हेलकावे खात होती. शनीचा उपग्रह टायटन हा सर्व उपग्रहांत मोठा असें पुस्तकांत छापलें जाई. १९८० च्या नोव्हेंबरांत व्हॉयेजर यान त्याजवळून गेलें तेव्हां उघड झालें कीं आपण त्याच्या अंगाबरोबर अंगरखाही मोजीत होतों. दाट वातावरण वजा जातां त्याचा व्यास ५,१५० किलोमीटर उरला, आणि मान गुरूच्या गॅनिमीडकडे गेला, जो बुधाहूनही मोठा आहे. प्लूटोची तर दैनाच झाली. १९३० सालीं तो सांपडला तेव्हां तो पृथ्वीच्या तोडीचा असावा असा तर्क होता; तो दर पिढीस आक्रसत गेला, आणि आज त्याचा व्यास २,३७७ किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राच्या दोनतृतीयांश, असा ठरला आहे. २००५ सालीं त्याहूनही दूरचा एरिस सांपडला. तो प्लूटोहून मोठा असल्याचें जाहीर झालें, आणि त्यांतून जो वाद पेटला त्याचा शेवट २००६ सालीं प्लूटोचें ग्रहपद जाण्यांत झाला. पुढें बारकाईनें मोजतां एरिस २,३२६ किलोमीटरच भरला! तो वजनानें भारी आहे खरा, पण व्यासानें प्लूटोच किंचित् मोठा. निवाडा करण्यास दुसरींही सबळ कारणें होतीं, म्हणून तो फिरविण्याचें प्रयोजन नाहीं; पण ज्या तुलनेवरून फिर्याद दाखल झाली ती तुलनाच उलटी होती, एवढें नमूद असावें.

राहिले तारे. दुर्बीण कितीही मोठी केली तरी ताऱ्याचें जें बारीक बिंब दिसतें तें प्रकाशाच्या लहरींचा व भिंगाचा परिणाम असतो, ताऱ्याचा देह नव्हे. १९२० च्या डिसेंबरांत मायकेलसन व पीझ यांनीं कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर वीस फूट लांबीची तुळई बसविली, तिच्या दोन टोकांच्या आरशांतून एकाच ताऱ्याचा प्रकाश आणून एकत्र मिसळला, आणि आरशांमधील अंतर किती केलें असतां मिश्रणांतील पट्टे पुसले जातात हें पाहून बीटलज्यूसचा कोन काढला. तो ०·०४७ विकला आला. पुण्यांत ठेवलेलें दहा रुपयांचें नाणें मुंबईहून जेवढें दिसेल, साधारणतः तेवढा.

कोन मिळाला, पण अंतर? पुन्हा तीच अरिस्टार्कसची अडचण. या ताऱ्याचें अंतर आजही कोणी पांचशें प्रकाशवर्षांच्या जवळ धरतो, कोणी सातशेंच्या. आणि त्याप्रमाणें त्याचा व्यास फुगतो वा आटतो. शिवाय त्यास चेंडूसारखी कड नाहीं. तो विरळ वायूचा ढीग आहे. एका रंगाच्या प्रकाशांत मोजला तर एक व्यास, दुसऱ्यांत दुसरा. २०१९ च्या अखेरीस तो साध्या डोळ्यांस कळण्याइतका मंद झाला होता. त्यानेंच बाहेर टाकलेल्या धुळीनें त्याचा कांहीं भाग झांकला होता, असें पुढें आढळलें.

हर्शलच्या मैदानावर हा तारा मांडावयाचा झाला तर दोन फुटांच्या सूर्याशेजारीं कोठें चारशें, कोठें सहाशें मीटर व्यासाचा गोल उभारावा लागेल, आणि त्याची कड कोठें आंखावी याविषयीं गवंड्यांत भांडण होईल. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यासाठीं तर त्याच मापानें सुमारें १७,५०० किलोमीटर चालावें लागेल. पृथ्वीचा व्यास त्याहून कमी आहे.